किंमत वाढलीच नाही तर?

गेल्या महिन्यात माझा भाचा एका फ्लॅटचा छापील नकाशा आणि बँकेचे कर्ज मंजुरीचे पत्र घेऊन घरी आला. नोकरीत त्याची सहा वर्षे झाली आहेत, थोडी शिल्लक साठली आहे आणि ती घरात गुंतवून भाडे मिळवावे असे त्याच्या मनात आहे. पहिल्यांदा गुंतवणूक म्हणून घर घेणारा जवळजवळ प्रत्येक जण जे विचारतो तेच त्यानेही विचारले, "मामा, पाच वर्षांत याची किंमत किती होईल?" मी म्हणालो, "ते मला ठाऊक नाही, आणि तुला फ्लॅट दाखवणाऱ्यालाही ठाऊक नाही. किंमत आहे तिथेच राहिली तर हा व्यवहार तुला पेलेल का, ते आधी सांग." तो गप्प झाला. मग आम्ही नकाशा पालथा घातला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडायला बसलो.

घराची किंमत १०० धरली. वर्षाचे भाडे त्याच्या माहितीप्रमाणे ६ येत होते, म्हणून त्याने उत्पन्न सहा टक्के धरले होते. वर्षातून एक महिना घर रिकामे राहील असे मानले की साडेपाच उरतात. देखभालीची वर्गणी, मालमत्ता कर, विमा, रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती यांचे मिळून दीड वजा केले की हातात ४ राहतात. खरेदीचा खर्चही त्याच्या हिशेबात नव्हता. मुद्रांक, नोंदणी, दलाली, वकील आणि ताबा घेतल्यावरची डागडुजी यांचे आम्ही ७ धरले. म्हणजे १०७ घालून ४ मिळणार, पावणेचार टक्क्यांच्या जवळपास. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, पण छापील भाडे आणि हातात पडणारे भाडे यांतली ही दरी नवख्या माणसाच्या कागदावर सहसा नसतेच.

खरी गोष्ट पुढे होती. किमतीच्या ७५ टक्के कर्ज, व्याज आठ टक्के, मुदत वीस वर्षे. याचा वर्षाचा हप्ता साडेसातच्या आसपास जातो. भाच्याची समजूत अशी होती की भाड्यातून बराचसा हप्ता सुटेल आणि वरचे दीड आपण पगारातून भरू. प्रत्यक्षात स्वतःचे ३२ घातल्यावर त्याला दरवर्षी आणखी साडेतीन भरावे लागणार होते. हप्त्याचा काही भाग मुद्दलात जातो आणि तेवढी आपली बचतच होते हे खरे आहे, पण पहिल्या वर्षी साडेसातांपैकी जवळपास ६ व्याजातच जातात. शिवाय व्याजदर बदलता असेल आणि तो दहा टक्क्यांवर गेला, तर तेवढ्याच मुदतीसाठी हप्ता ८.७ होतो. आठ टक्क्यांनी उसने घेऊन पावणेचार टक्क्यांवर लावणे याला मी गुंतवणूक म्हणत नाही. ती किंमत वाढण्यावर लावलेली पैज आहे. पैज लावायलाही माझी हरकत नाही, पण आपण पैज लावतो आहोत हे लावणाऱ्याला माहीत असावे.

मी कर्जाच्या विरोधात नाही. कर्ज दोन्ही बाजूंनी कापते, एवढेच मला भाच्याला दाखवायचे होते. स्वतःचे २५ आणि बँकेचे ७५ असताना किंमत दहा टक्के वाढली तर तुमच्या २५चे ३५ होतात, म्हणजे चाळीस टक्के नफा. लोक हे उदाहरण फार आवडीने सांगतात. किंमत दहा टक्के उतरली तर २५चे १५ होतात आणि पंचवीस टक्के उतरली तर तुमचे काहीच उरत नाही, हे मात्र तितक्या आवडीने सांगितले जात नाही. अमेरिकेत २००६ सालच्या शिखरापासून २०१२पर्यंत घरांच्या किमती देशभराच्या सरासरीने सुमारे २७ टक्के उतरल्या होत्या. देशाची सरासरीच एवढी, तेव्हा काही शहरांत घसरण याहून बरीच मोठी होती. ज्यांना हप्ता पेलत होता ते त्या घरांत राहिले आणि पुढे किमती सावरलेल्या त्यांनी पाहिल्या. ज्यांनी भाव वाढणारच या भरवशावर ऐपतीबाहेरचा हप्ता घेतला होता, त्यांची घरे जप्त झाली. घसरण दोघांनाही सारखीच सोसावी लागली होती.

"पण जमीन काही नव्याने तयार होत नाही," असे भाचा म्हणाला. हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की आता त्याची सवय झाली आहे. जपानमध्ये जमीन अतिशय कमी आहे, आणि १९९१नंतर तिथे शहरी जमिनीचे भाव जवळपास दीड दशक उतरत राहिले. ॲमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्त या कालव्यावरच्या घरांचे तर १६२८पासून १९७३पर्यंतचे भाव अर्थशास्त्रज्ञ पीट आइखहोल्ट्स यांनी गोळा केले आहेत. इतक्या उत्तम ठिकाणच्या त्या घरांची किंमत, महागाई वजा केल्यावर, साडेतीनशे वर्षांच्या आसपास फक्त दुप्पट झाली. त्या काळात तिथल्या मालकांना जे मिळाले ते मुख्यतः राहायला घर किंवा भाडे या रूपाने मिळाले, भाववाढीतून नव्हे. नात्यातल्या कुणाचे घर तीस वर्षांत पाचपट झाले, असेही आपण ऐकतो. तेही मांडून पाहा. तीस वर्षांत पाचपट म्हणजे वर्षाला साडेपाच टक्के, आणि त्यातून महागाई अजून वजा व्हायची आहे.

रिकाम्या महिन्यांबद्दल मी स्वतःच्या अनुभवावरून बोलतो. माझ्या पहिल्या घरातले भाडेकरू दुसऱ्या वर्षी बदली होऊन गेले आणि पुढचे कुटुंब यायला तीन महिने लागले. त्याच काळात न्हाणीघराच्या फरशीखालची नळी फुटून खालच्या मजल्याच्या छतातून पाणी ठिबकू लागले. फरशी उखडणे, नळी बदलणे आणि खालच्या घराचे छत रंगवून देणे यांत चार महिन्यांचे भाडे गेले. त्या वर्षी बारापैकी पाच महिन्यांचे भाडे माझ्या हाती लागले, हप्ते मात्र बाराच्या बारा द्यावे लागले. मी निभावलो ते एका जुन्या ठेवीमुळे, शहाणपणामुळे नव्हे. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की सहा महिन्यांचे हप्ते आणि खर्च बाजूला ठेवल्याशिवाय भाड्यासाठी घर घेऊच नये, आणि ही रक्कम आगाऊ भरण्याच्या रकमेत मिसळू नये.

घर पाहायला जाल तेव्हा घाई करू नका. एकदा एका घरात सगळ्या खोल्यांचा रंग जुनाट होता, पण न्हाणीघराला लागून असलेली निजायच्या खोलीची एकच भिंत ताज्या रंगाने चकाकत होती. मी तिथले कपाट पुढे ओढू का असे विचारले. मालक थोडे अवघडले, पण नाही म्हणाले नाहीत. कपाटामागे ब्रश पोहोचलाच नव्हता. भिंतीला कमरेच्या उंचीपर्यंत पांढरट खार फुटला होता आणि बोट लावताच रंगाचे पापुद्रे गळून पडले. तो व्यवहार मी केला नाही. त्या दिवसापासून मी तळहात भिंतीला लावून पाहतो, सगळे नळ एकाच वेळी सोडतो आणि तेच घर एकदा दिवसा व एकदा रात्री पाहतो. शेजारी राहणाऱ्या भाडेकरूशी पाच मिनिटे बोललो की भाड्याचा खरा आकडाही कळतो. दलालाच्या आकड्यापेक्षा तो बहुधा कमीच असतो.

कागदपत्रांबाबत एकच सांगतो, कारण बाकीचे काम वकिलाचे आहे आणि तो वकील विक्रेत्याने सुचवलेला नसावा. नोंदणी झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली असे सर्वत्र नसते. १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात तिथले राजकारणी रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने अशी पद्धत सुरू झाली की सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव, तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. पण अनेक देशांत आजही फक्त दस्ताची नोंद होते. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता की नाही आणि मालमत्तेवर कुणाचा बोजा आहे का, हे शोधणे खरेदीदारावरच राहते. तुमच्याकडे यांपैकी कोणती पद्धत आहे ते बयाणा देण्याआधी विचारून घ्या.

एवढी उस्तवार नको असेल तर रीटचा, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारती घेणाऱ्या संस्थेत हिस्सा घेण्याचा, मार्ग आहे. अमेरिकेत १९६०च्या कायद्याने हे प्रकरण सुरू झाले आणि नंतर बऱ्याच देशांनी ते उचलले. अनेक इमारतींच्या भाड्यात छोटासा वाटा घ्यायचा आणि नको झाला की शेअरसारखा विकायचा. त्याचा भाव शेअरबाजाराबरोबर खालीवर होतो आणि ते रोज डोळ्यांना दिसते, म्हणून लोक बिचकतात. घराचा भाव रोज कुणी सांगत नाही, म्हणून ते स्थिर वाटते, एवढेच.

भाच्याने तो फ्लॅट घेतला नाही. गेल्या रविवारी तो दुसऱ्या एका जुन्या, लहान घराचा हिशेब घेऊन आला. या वेळी कर्ज निम्म्यावर आणले होते, खरेदीचा खर्च वेगळा मांडला होता आणि भाडे शेजाऱ्याला विचारून लिहिले होते. रिकाम्या महिन्यांच्या रकान्यात मात्र शून्य होते. "जागा मोक्याची आहे, रिकामी राहणारच नाही," असे त्याचे म्हणणे. मी ते शून्य खोडून दोन लिहिले आणि कागद त्याच्याकडे परत दिला.