वारं गेल्यानंतरचा ताप ही बरं होण्याची खूण नव्हे

आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला मागाहून ताप आला तर तो मेंदू बरा होत असल्याची खूण समजा, जंतू मेंदूत शिरूच शकत नाहीत, आणि ताप उतरला की काळजी मिटली. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पक्षाघातानंतरचा ताप बहुतेक वेळा छातीच्या नाहीतर लघवीच्या संसर्गाचा असतो. गिळणं बिघडलेल्या माणसाला आडवं ठेवून पेज भरवली की ती श्वासनळीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. तापाने दुखावलेल्या मेंदूचं नुकसान वाढतंच.

जंतू शिरत नाहीत हे धडधाकट मेंदूपुरतं बरंचसं खरं आहे, कारण रक्त आणि मेंदू यांच्यात राखणीला पडदा असतो. पक्षाघातात तोच पडदा कमजोर होतो आणि रक्त न मिळालेला भाग मरतो. रक्तातून आलेले जंतू तिथे ठाण मांडतात, पू धरतो. असं फार क्वचित होतं, दर तापाला ही भीती कुणी घेऊ नये.

पण माझ्या आत्याला झालं. तिची उजवी बाजू गेली होती. दीड महिन्यात पडवीत बसून त्याच हाताने ती रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला लागली. मध्ये लघवीच्या नळीमुळे ताप आला, गोळ्यांनी उतरला. आठवड्याभराने रतांबा हातात धरवेना. डोकं ठणकतंय म्हणायची, जेवता जेवता डोळे मिटायची. दमली असेल, असं आम्हीच म्हटलं, कारण अंग गार होतं. शेवटी गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. शिरेत औषध देऊन एमआरआय केला, तर जुन्या जागीच पुवाची गाठ. कवटीला बारीक भोक पाडून पू काढला. त्यात लघवीतलेच जंतू निघाले. पुढे सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक.

म्हणून तिसरा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. मेंदूत पू झालेल्या सुमारे निम्म्या रुग्णांना ताप नसतोच. परत आलेली ताकद पुन्हा गेली, डोकेदुखी वाढत चालली, गुंगी आली किंवा आकडी आली, तर थर्मामीटर काहीही सांगो, त्याच दिवशी निघा. मेंदूच्या जुन्या स्कॅनची फिल्म बरोबर घ्या, आणि आधी ताप कधी आला, नळी किती दिवस होती, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा.