कंबरदुखीच्या फॉरवर्डमधली सर्वांत घातक ओळ

कंबर दुखली की लगेच एमआरआय काढा. गादी सरकलेली दिसली तर तेच कारण. तीन आठवडे फळीवर पडून राहा. दुखणं पायात उतरत नसेल तर काळजी नको. ऑपरेशन मात्र कधीच नको, डॉक्टर भलताच मणका उघडतात. हा मजकूर घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे.

लगेच एमआरआय? काहीच दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. वीस वर्षांच्या वयोगटात ३० टक्के, ऐंशीच्या वयोगटात ८४ टक्के जणांची चकती, म्हणजे मणक्यांमधली गादी, फुगलेली होती. त्यामुळे स्कॅनमधला फुगवटा लक्षणांशी जुळावा लागतो. कंबरेतून पायात जाणाऱ्या नसांपैकी एल-५ दबली तर पायाचा अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो. तिच्या खालची एस-१ दबली तर चवड्यावर उभं राहणं जड जातं. असं काही नसेल आणि पुढे दिलेली धोक्याची लक्षणंही नसतील, तर पहिले सहा आठवडे सहसा एमआरआय लागत नाही.

फळीवर तीन आठवडे? १९८६ साली अमेरिकेत दोन आणि सात दिवसांच्या विश्रांतीची तुलना झाली. दोन दिवसवाल्यांचे कामावरचे खाडे ४५ टक्के कमी पडले, आराम तेवढाच. झेपेल तसं चालत राहावं.

पायात उतरत नाही, मग काळजी नको? घातक ओळ ती हीच. मणक्याच्या क्षयरोगात कित्येक महिने फक्त पाठ दुखते. संध्याकाळी कणकण, घटतं वजन, रात्री झोपमोड करणारी कळ, हे कुणी विचारलंच नाही तर पेनकिलरवर महिने जातात. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, कारण हाडाचा बराच भाग झिजल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. इथे मात्र एमआरआय लवकर हवा. चाळिशीच्या आतला माणूस, तीन महिन्यांहून जुनं दुखणं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणं आणि हालचालीने बरं वाटणं, हा नमुना संधिवाताचा. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांचा मणका नुसत्या शिंकेनेही दबू शकतो.

लघवी अडणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत अशक्तपणा: यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर त्याच दिवशी, मध्यरात्र असली तरी, इमर्जन्सीत जा. लाजेपोटी रुग्ण हे सांगत नाही, म्हणून विचारणं डॉक्टरांचं काम. लघवीनंतर सोनोग्राफीत मूत्राशयात २०० मिलीहून अधिक उरत असेल तर संशय बळावतो.

भलताच मणका? ही चूक खरोखर होते. काहींना कंबरेचे पाचाऐवजी सहा मणके असतात, काहींचा शेवटचा माकडहाडाच्या वरच्या हाडाला जुळलेला असतो, आणि मोजणी घसरते. त्यावर उपाय आहे: ऑपरेशनआधी एमआरआय आणि एक्स-रेवरची मोजणी जुळवणं, टेबलावर सुई टोचून एक्स-रेने जागा पक्की करणं. सर्जनला हे दोन्ही करणार का असं सरळ विचारावं. पण पायातली ताकद दिवसागणिक कमी होत असताना या भीतीपोटी ऑपरेशन टाळलं, तर ती ताकद परत येईलच असं नाही.