दलाली कोणाची?

‘सीताबर्डीचा वाचक’ यांस,

लसीमुळे इजा झाली आणि भरपाई मागायची असेल, तर वकिलाची फी आधी ठरवा, रोख द्या, पावती घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं. आपण लिहिलंत: ‘ही वकिलांची दलाली आहे. गरिबाने फी कुठून आणायची? मोफत कायदेविषयक मदतीचा उल्लेखही नाही. अमेरिकेच्या कराचा आकडा चूक. वरून लोकांना लसीची भीती घालता.’

आकड्याचं आधी सांगतो, कारण तिथे आपण बरोबर आहात. लसीच्या इजेची भरपाई देण्याच्या निधीसाठी अमेरिकेत डोसमागे 75 सेंट कर असं मी लिहिलं होतं. तो कर लस ज्या आजारांपासून वाचवते त्या प्रत्येक आजारामागे आहे, म्हणून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकाच टोचणीवर सव्वादोन डॉलर. दुरुस्त केलंय. आभार.

आता ‘दलाली’. हा शब्द लिहिण्याआधी आपण, नाही, तुम्ही एक क्षण तरी थांबायला हवं होतं.

2014 साली माझ्या धाकट्या भावाच्या पायात खिळा घुसला. घराजवळच्या एका खासगी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. दंडावर द्यायचं ते कमरेखाली दिलं. सुई शिरली तेव्हाच पायात करंट गेल्यासारखं झालं, असं तो आजही सांगतो. दुसऱ्या दिवशी पंजा वर उचलेना. चप्पल पायातून निसटायची, आणि हा बिचारा अंगणात मागे वळून ती शोधायचा. आई म्हणायची, सांभाळून चाल रे बावा. महिनाभराने नसांची तपासणी झाली तेव्हा कळलं की नसेलाच इजा झाली आहे. दोष लसीचा नव्हता, टोचणाऱ्या हाताचा होता. भीती घालतो म्हणता ना? माझ्या नातीची एकही लस चुकलेली नाही. हा मुद्दा इथेच संपला.

मग ओळखीतून एक वकीलसाहेब मिळाले. ‘भाऊ, एक पैसा नको. भरपाई मिळाली की तीस टक्के.’ आम्हाला देवमाणूस भेटल्यासारखं वाटलं. त्यांनी मूळ कागद ठेवून घेतले, वकालतनाम्यावर सही घेतली, आणि पुढे सव्वादोन वर्षं ‘नोटीस तयार आहे’ एवढंच ऐकलं. ग्राहक मंचाकडे जायची मुदत दोन वर्षांची. ती निघून गेली. आमच्या केसमध्ये त्यांचा खिशातला एक रुपया नव्हता, मग घाई त्यांना कशाची? शिवाय निकालावर टक्के ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, हे आम्हाला नंतर कळलं. फुकटचा वकील पहिल्याच दिवशी नियम मोडून बसला होता.

दुसऱ्या वकिलाने वीस हजार मागितले, पावती फाडून दिली आणि उशीर माफ करण्याचा अर्ज लिहायला घेतला. त्यांनी आधी काय मागितलं माहीत आहे? दवाखान्याचं दीडशे रुपयांचं बिल. सर्वांना फुकट मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1995 सालीच सांगितलंय. सरकारी केंद्रात फुकट टोचून घेतलं असतं तर तो रस्ताच बंद होता. बिल आईच्या पोथीत खूण म्हणून ठेवलेलं सापडलं! उशीर माफ झाला, पुढे तडजोड झाली. रक्कम सांगणार नाही.

या सगळ्यात मला किती दलाली मिळाली, तुम्हीच हिशेब करा.

अमेरिकेचं उदाहरण मी मिरवायला दिलं नव्हतं. तिथे 1988 पासून भरपाईची योजना आहे. प्रामाणिकपणे आणि काही आधार घेऊन दावा केला असेल, तर हरला तरी वकिलाची फी योजनेतून मिळते. अशिलाच्या भरपाईला वकील हात लावू शकत नाही. कोविड लसींसाठी त्यांची योजना वेगळी, तिच्यात वकिलाची फी मिळत नाही. म्हणून मी म्हणालो की खर्च कोण उचलतो, हा प्रश्न इंजेक्शनइतकाच महत्त्वाचा आहे. तुम्ही लेख तिथवर वाचला होता का, शंका आहे.

राहता राहिली मोफत मदत. हो, 1987 चा कायदा आहे. स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो, जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरण बसतं. एका लेखात सगळंच यायला हवं असेल तर तुम्ही लिहा, मी वाचीन.

प्रतिक्रिया काढणार नाही, राहू द्या तिथेच. ‘दलाली’ हा शब्द तेवढा मागे घ्या. तोवर तुमच्या पुढच्या प्रश्नांना माझ्याकडून उत्तर येणार नाही.