पाल तापवणे, १ नग

बिलावर दुकानदारानं टपोऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'पाल तापवणे, १ नग'. चार दिवस झाले, बिल पाकिटात आहे. फाडवत नाही, कारण वॉरंटी सहा महिन्यांची आहे.

पाल भाच्याची. लेपर्ड गेको. तो पुण्याला शिकायला गेला आणि पाल सांगलीत माझ्या गळ्यात. थंडी पडली तसं तिनं खाणं टाकलं. तिला पोटाखालून ऊब लागते, नाहीतर अन्न पचत नाही. म्हणून काचेच्या पेटीखाली लावायची हीट मॅट मागवली. खोक्यावर 'संपूर्ण सुरक्षित'. तासाभरानं काचेवर मोजलं तर ४६ अंश! पाहिजेत ३१-३२. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरल्या उबेला मॅट बंद-चालू करणारी डबी, वेगळा घ्यावा लागतो, हे अख्ख्या खोक्यावर कुठंही नाही. पोट भाजणार पालीचं, छापणाऱ्याचं काय जातंय?

तर गणपती पेठेतलं इलेक्ट्रिकचं दुकान.

"थर्मोस्टॅट कशाला, गिझरला?"

मी आवाज बारीक करून सांगितलं. तेवढ्यात शेजारी मोटारीचा कपॅसिटर घ्यायला आलेले एक फेटेवाले मामा गर्रकन वळले.

"पालीला शेक?"

"ही भिंतीवरची नाही ओ. हिला चढता येत नाही. हिला पापण्यासुद्धा असतात."

"मग डोळं मिटून गप पडंल की!"

दुकान हसलं. मामांनी स्टूल ओढलं. कपॅसिटर विसरले. "मी बत्तीस शिराळ्याचा. आमच्यात नाग मडक्यात ठिवायचे. पंचमीला मिरवायचे. पर एका नागानं कधी म्हटलं न्हाई, मामा, गार लागतंय."

नाग मुळात बोलत नाही, हे मला घरी आल्यावर सुचलं. तिथं मी मास्तरकी सुरू केली. मॅट एक तृतीयांश तळाखालीच लावायची, म्हणजे तिला गार बाजूला सरकता येतं. बुड भाजतंय हे तिला वेळेवर कळत नाही...

"आमच्या म्हातारीचं गुडघं धरल्यात," मामा मध्येच म्हणाले. "शेकायची पिशवी आणतो म्हटलं तर सून म्हणती, खर्च कशाला."

यावर काय बोलणार? माझ्याही आईचे गुडघे दुखतात. तिला आम्ही विटेचा शेक देतो.

मग मामाच दुकानदारावर खेकसले, "आरं, अंडी उबवायच्या मशीनला लावत्यात ते दे की त्याला! वायरीला बोंडूक असतंय ते!"

नेमकं तेच हवं होतं. तीन दुकानं फिरून मला जे सांगता आलं नव्हतं, ते. याचा राग अजून गेलेला नाही.

"आन् बोंडूक मॅटला चिकटवून ठिवा. आमच्या पोरानं बाहेर लोंबकळत सोडलं. मशीनला वाटतंय अजून गारच हाय, अजून गारच हाय. सकाळी समदी अंडी उकडल्याली. गल्लीभर वाटली."

साडेचारशे दिले. बोंडूक मॅट आणि काचेच्या मध्ये चिकटपट्टीनं घट्ट बसवलं. आता ३२ ला बंद, ३१ ला चालू. पालीनं काल दोन रातकिडे खाल्ले.

फक्त रात्री चालू-बंद होताना त्या डबीतून 'टक्' असा आवाज येतो. प्रत्येक वेळी पलीकडच्या खोलीत आई जागी होते, बोटानं पलंगावर टकटक करते आणि म्हणते, "कृष्ण, कृष्ण."