81 नगांचा गेटपास

गेल्या बुधवारी आमच्या सिक्युरिटीच्या मामांनी माझा कॉम्प्युटर बंद केला. थेट भिंतीवरच्या बटणावरून. आग लागली नाही, कुणाला शॉक बसला नाही, त्यामुळे या दुःखावर रजाही मागता येत नाही.

काम म्हणाल तर एक ब्रॅकेट, म्हणजे आधार देणारा सुटा भाग. ॲल्युमिनियमचं, डाय-कास्टिंगचं, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून ओतलेलं. वजन उतरवायचं आणि मोडू द्यायचं नाही, ही नेहमीचीच मागणी. त्यासाठी चार व्हेरिएबल: भिंतीची जाडी, रिबची (मजबुतीसाठी दिलेल्या उभ्या पट्टीची) उंची, रिबची जाडी आणि रिबच्या माथ्याची गोलाई. प्रत्येकाची तीन मापं. म्हणजे तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, 81 ब्रॅकेटं. एकेकाची मजबुती कॉम्प्युटरवर तपासायला 22 मिनिटं. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला लावायचं, गुरुवारी आमच्या भोसरी पट्ट्यात सुट्टी, शुक्रवारी आल्या आल्या निकाल.

पण ही चार व्हेरिएबल मांडण्यातच माझे दोन दिवस गेले होते. कॉम्प्युटरमधलं मॉडेल ज्याने बनवलं तो केव्हाच दुसरीकडे गेला. जाताना मापांना नावं देऊन जायची, तर सगळीकडे डी1, डी7, डी23. रिबची जाडी समजून डी7 वाढवला, तर बोल्टचं भोक ब्रॅकेटच्या बाहेर जाऊन हवेत उभं राहिलं. मग गोलाईचा घोळ. रिब 3 मिलिमीटर जाड आणि माथ्यावर दोन्हीकडून 2-2 ची गोलाई. 3 मध्ये 4 कसे मावणार? 81 पैकी 9 ठिकाणी मॉडेल लाल होऊन आडवं पडायचं. शेवटी गोलाईचं स्वातंत्र्य काढून घेतलं आणि तिला रिबच्या जाडीच्या 0.2, 0.3, 0.4 पट अशी बांधून टाकली. तेव्हा कुठे ती मुकाट नांदायला लागली. सॉफ्टवेअरचं लायसन्स एकच, त्यावर तिघांचा डोळा. तेही गोड बोलून मिळवलं. रन लावला, पहिल्या ब्रॅकेटचं गणित सुटलेलं डोळ्यांनी पाहिलं आणि मगच बस पकडली.

शुक्रवारी सकाळी स्क्रीन काळा, कॉम्प्युटरचा डबा गार. तडक गेटवर गेले.

"मामा, माझा कॉम्प्युटर कुणी बंद केला?"

"म्या." मामांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "ह्ये बघा. बुधवार, रातीचे धा वाजून धा मिंटं. माणूस न्हाई आन् मशिन चालू. आतला पंखा असा बोंबलत व्हता, की इचारू नका."

"अहो, काम चालू होतं त्यात. 81 ब्रॅकेटं तपासायला लावली होती."

मामांचा पेन थांबला. "81 नग? आत आले कवा? गेटावर आवक न्हाई त्येंची."

"खरी नाहीत हो ती. कॉम्प्युटरमधली आहेत."

"कॉम्प्युटर कंपनीचाच न्हवं?"

"हो."

"मंग त्यातला माल कुनाचा?"

माणूस मूर्खासारखं बोलत असेल तर निदान चिडता येतं. मामांचं प्रत्येक वाक्य तर्काला धरून होतं, हाच खरा ताप.

"बरं, 81 मधले झाले किती?"

"10."

"कुठंयत?"

"गेले. तुम्ही बटण दाबलंत आणि पुसले गेले."

"म्हंजी स्क्रॅप." मामांनी लिहायला घेतलं. "स्क्रॅपला पास येगळा असतो मॅडम. स्टोअरची सही लागती. आन् ऱ्हायलेले 71?"

"ते झालेच नाहीत."

"मंग तुम्ही 81 का म्हनला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर हा प्रश्न मीच मॅनेजरना विचारला होता. चार व्हेरिएबल, तीन-तीन मापं, यासाठी तागुचींचा एल9 म्हणून तक्ता आहे, 81 पैकी कोणती मोजकी तपासायची ते सांगणारा; 9 ब्रॅकेटांत काम भागतं. तागुची जपानचे, पण 1954-55 मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये येऊन राहिले होते. आणि या तक्त्यांच्या मुळाशी जे गणित आहे ते 1940च्या दशकात मांडणारे सी. आर. राव त्याच संस्थेतले. म्हणजे विद्या घरचीच. मी हे सगळं मीटिंगमध्ये सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "त्यात एकाचा दुसऱ्यावरचा परिणाम सुटतो. सगळे 81 होऊ देत. कॉम्प्युटरला काय ओव्हरटाइम द्यायचाय?"

परिणाम सुटतो हे खरं आहे, नाही म्हणत नाही. पण 9 गुणिले 22 म्हणजे 198 मिनिटं. पावणेदहा वाजून तीन मिनिटांनी माझं काम संपलं असतं. मामा आले दहा वाजून दहा मिनिटांनी. त्यांना खुशाल बटण दाबू दिलं असतं, वर चहा पाजला असता.

प्रत्येक ब्रॅकेटनंतर सेव्ह करायची सोय असते, ती मी बंद ठेवली होती. डिस्क भरते म्हणून मागच्याच महिन्यात आयटीवाल्यांनी आम्हा सगळ्यांना तंबी दिली होती. तेव्हा चूक कुणाची म्हणाल तर माझी. तसा मेलही आला: "यापुढे नियोजन नीट करावे." सोमवारी नोटीस बोर्डावर ऊर्जा बचत पंधरवड्याचा कागद लागला. त्यावर मामांचा फोटो, टोपी घालून, सावधानमध्ये. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. वाजवाव्या लागतात.

काल परत बुधवार. मॉनिटरवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, "काम चालू आहे, बंद करू नये", आणि खात्री म्हणून जाता जाता मामांना सांगायला गेटवर थांबले.

"कागुद बघितला म्या," मामा म्हणाले. "शिक्का न्हाई त्येच्यावर."

बस सुटायला चार मिनिटं होती. मामांनी खणातून गेटपासचं पुस्तक काढलं, कार्बन घातला आणि सावकाश लिहिलं: माल, ब्रॅकेट, कॉम्प्युटरमधले. नग, 81. मग मान वर करून विचारलं, "मॅडम, रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?"

गेल्या आठवड्याचे 10 आठवले. रिटर्नेबलवर खूण करायला सांगितली आणि सही केली.