फळ्यावर खडूनं लिहिलेलं जेवण

जवळच्या रानातला माल ताजा रांधून वाढणारी 'शेतातून थेट ताटात' हॉटेलं म्हणजे निव्वळ शहरी हौस, चव तीच आणि दर दुप्पट, असं एका लेखात वाचलं; ते म्हणणं मला पटलं नाही. फेब्रुवारीत आमच्या लग्नाला 25 वर्षं झाली, तेव्हा आम्ही दोघं सासवडजवळच्या अशाच एका छोट्या हॉटेलात जेवायला गेलो होतो. फळ्यावर खडूनं जेमतेम पाच पदार्थ लिहिलेले. भरल्या वांग्यावर आमच्यासमोरच काट मारली, त्या दिवशीची तोड संपली होती. मग सोलाण्याची आमटी, तव्यावरून थेट ताटात आलेली ज्वारीची भाकरी आणि भोरकडचा इंद्रायणी तांदळाचा भात. भाताचं झाकण काढलं तसा वास दरवळला आणि ही म्हणाली, "आईच्या चुलीपाशी बसल्यासारखं वाटतंय." डोळे भरून आले होते तिचे.

गोडाला पुरंदरचं अंजीर, देठाशी अजून पांढरा चीक. पिकलेलं अंजीर दोन-तीन दिवसांवर टिकत नाही, त्यामुळे ही चव रानाजवळच मिळते. बिल 900 रुपये. भाजी मालकाच्या भावाच्या, मागच्याच रानातली. येत्या फेब्रुवारीत मुलांनाही घेऊन जाणार आहोत.