शिळं डेबियन आणि आमचा आळशीपणा

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वाचनालयाच्या सर्व्हरसाठी डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची ‘स्टेबल’ (स्थिर) शाखा घेणं हा आळशीपणा आहे, त्यातली सॉफ्टवेअरं शिळी असतात आणि सुरक्षिततेची खरी काळजी असती तर मी ओपनबीएसडी ही सुरक्षेसाठी नावाजलेली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घेतली असती.

आळशीपणा मान्य. शिळेपणा नाही. आवृत्तीचा आकडा जुना दिसतो, कारण डेबियनवाले सहसा नवी आवृत्ती न आणता सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीला लावतात. पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) उघडून बघा, सीव्हीई, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटींना दिलेल्या क्रमांकांसकट नोंदी सापडतील. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली लहान करणाऱ्या साधनातलं चोरदार उघडकीला आलं, तेव्हा ते डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या शाखांमध्ये पोचलं होतं, स्टेबलमध्ये नाही. यात डेबियनचं कर्तृत्व काही नाही म्हणा, गाडी उशिरा येते त्याचा फायदा झाला.

त्याच वर्षी जुलैत ओपनएसएसएच या दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिग्रेशन’ नावाची त्रुटी सापडली. ओपनबीएसडी त्यातून सुटलं, डेबियन १२ अडकलं. तिथे तुमची बाजू वरचढ, वाद नाही. डेबियनची दुरुस्ती मात्र त्याच दिवशी आली आणि आमच्याकडे रात्रीत आपोआप बसली. मला कळलं ते सकाळी चहा घेताना, मेलवरून.

माझा सगळा मुद्दा त्या चहात आहे. आमचा आधीचा सर्व्हर एका फार हुशार मित्राने उभारला होता. अर्धी सॉफ्टवेअरं हाताने कंपाइल केलेली, टिपणं शून्य. तो नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि पुढचे चौदा महिने त्या यंत्राला एकही अपडेट मिळालं नाही. हात लावायची कुणाची छाती होईना. आता सांभाळणारे तिघे आहोत: मी, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि परीक्षा आली की गायब होणारा एक विद्यार्थी. ओपनबीएसडीची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि दुरुस्त्या फक्त ताज्या दोन आवृत्त्यांना मिळतात. म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड करणं आलंच. ते सोपं असतं, ठाऊक आहे. पण ते आठवणीने करणारं माणूस लागतं. डेबियनमध्ये तीन वर्षं नियमित आणि पुढे दोन वर्षं एलटीएस, म्हणजे लांबवलेल्या मुदतीच्या दुरुस्त्या मिळतात.

शिवाय आमची ग्रंथसूची कोहा या वाचनालयांसाठीच्या सॉफ्टवेअरवर आहे आणि कोहाची तयार पॅकेजेस डेबियन-उबुंटूसाठीच मिळतात. ओपनबीएसडीवर ते बसवायचं तर पुन्हा हाताने, म्हणजे पुन्हा जर्मनी.

ओपनबीएसडीतल्या पीएफ या फायरवॉलबद्दल (नेटवर्कवरच्या पहाऱ्याबद्दल) लिहिलंत ते मात्र पटलं. वाचनालयात एक जुना संगणक धूळ खात पडला आहे, त्यावर ओपनबीएसडी टाकून फायरवॉल करता येईल. पुण्यात असाल तर रविवारी दहानंतर या. टिपणं तेवढी मराठीत लिहून द्यावी लागतील, काकांची अट आहे.